रंग उतरवलेली पलटण

१८२४ साली गेओर्ग फॉन राइसविट्झ या प्रशियाच्या तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांनी रचलेला युद्धखेळ सुधारून वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांपुढे मांडला. त्याच्या नकाशावर माणसाच्या आकाराचा एकही शिपाई नव्हता. होते ते शिशाचे लहान आयताकृती ठोकळे. त्यांतले निळे प्रशियाचे, लाल शत्रूचे. ठोकळा किती मोठा आणि त्यावरची खूण कोणती, यावरून पायदळ, घोडदळ, तोफखाना कळे; पण पलटण कोणाची हे सांगण्याचे काम रंगावर सोपवलेले होते. आज इंग्लंड-अमेरिकेत टेबलावर जो वॉरगेम खेळतात त्यात ठोकळ्यांच्या जागी जेमतेम इंचभर उंचीचे, नाकीडोळी रेखीव शिपाई आले, त्यांच्या कोटाची बटणेही मोजता येऊ लागली. मूळ वाटणी मात्र बदललेली नाही. धातू शरीर देतो आणि रंग त्या शरीराला नाव, देश व काळ देतो. म्हणूनच या खेळातले लोक दुसऱ्याच्या हातचे जुने शिपाई विकत घेतात, त्यांच्यावरचा रंग रसायनात भिजवून उतरवतात आणि उघड्या धातूवर नव्याने पलटण रंगवतात, तेव्हा बाहेरच्या माणसाला ती नासधूस वाटली तरी त्या वस्तूच्या स्वभावाला धरूनच ते वागत असतात. माझे म्हणणे एवढेच नाही. पुन्हा रंगवण्याची रीत या खेळाइतकी जुनी आहे, पण रंग संपूर्ण उतरवण्याची रीत सार्वत्रिक झाली ती गेल्या चाळीसेक वर्षांत. आणि हा बदल का झाला ते नीट पाहिले, तर शिपायावरचा कोणता रंग उतरवावा आणि कोणता राखावा या वादाचेही उत्तर त्यातच सापडते.

आधी शरीर आणि रंग वेगळे कसे झाले ते पाहू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूरेंबर्गच्या हिल्पर्ट घराण्याने कथलाचे चपटे शिपाई ओतायला सुरुवात केली. पुढच्या शतकात त्याच शहरातल्या एर्न्स्ट हाइनरिक्सनने त्यांची उंची साधारण ३० मिलिमीटरवर आणून ठेवली आणि तो आकार न्यूरेंबर्गच्या नावाने रूढ झाला. पाटीवर कोरणारा कारागीर हा या धंद्यातला मानाचा माणूस. त्याच्या साच्यातून निघालेला शिपाई पुढे घरोघरी रंगवायला जाई, आणि तिथे बायका व मुले अगदी कमी मजुरीवर कोट निळा, पाटलोण पांढरी असे हात देत. म्हणजे मूर्ती करणारा एक आणि तिला रंग देणारे निराळे, ही फारकत कारखान्याच्या व्यवस्थेतच होती. हौशी लोक न रंगवलेले शिपाईही विकत घेत व आपल्या मनासारखे रंगवत. त्या हौशी माणसाला आपण काही विशेष करत आहोत असे वाटण्याचे कारण नव्हते. धंद्यानेच रंगाची जागा मोकळी सोडली होती.

१८९३ साली लंडनच्या धाकट्या विल्यम ब्रिटनने पोकळ ओतकामाची युक्ती काढली. वितळलेला शिशाचा मिश्रधातू साच्यात ओतायचा, साच्याला लागून पातळ थर गोठला की उरलेला रस लगेच बाहेर काढायचा. शिपाई पोकळ, हलका आणि जर्मन मालापेक्षा स्वस्त झाला, आणि ५४ मिलिमीटर उंचीचे ‘ब्रिटन्स’ इंग्लंडच्या घराघरांत पोचले. इथेही रंगकाम हातानेच होई आणि ते बहुतेक करून बायकांच्या हातचे असे. या कंपनीच्या यादीत साम्राज्यातल्या सगळ्या फौजा होत्या. त्यात मुंबई इलाख्याचे भालेकरी घोडेस्वार होते, मुंबई आणि मद्रासचे पायदळही होते. साचा तयार करणे हा सगळ्यात खर्चाचा भाग, त्यामुळे एकाच साच्यातल्या माणसाच्या कोटाचा, कॉलरचा, बाहीच्या टोकाचा रंग बदलून त्याला दुसऱ्या पलटणीच्या पेटीत बसवणे ही तिथली रोजची रीत होती. आज कोणी एका पलटणीचा शिपाई खरवडून दुसऱ्या पलटणीत भरती करतो, तेव्हा तो कारखान्यातलेच काम पुन्हा करत असतो. मूळ शिपायाला ‘खरी’ अशी एकच ओळख होती, ही समजूत कारखान्याच्या यादीपुढे टिकत नाही.

एच. जी. वेल्सचे ‘लिटल वॉर्स’ १९१३ साली आले आणि या खेळण्यांना सर्वसामान्य वाचकाला कळतील असे लेखी नियम मिळाले. वेल्सच्या खेळात स्प्रिंगची छोटी तोफ लाकडी दांडीचा तुकडा खरोखरच उडवी आणि ज्या शिपायाला तो लागे तो पडे. अशा खेळात रंग टिकणार कसा? टोप्यांचे कंगोरे, बंदुकांची टोके आणि घोड्यांचे कान आधी उघडे पडत, मग हात तुटत, मुंडकी सुटत. सुटलेले मुंडके काडेपेटीच्या काडीवर बसवून जोडायचे आणि वर रंगाचा एक हात द्यायचा, ही त्या पिढीतल्या मुलांची डागडुजी. जुना रंग आधी काढावा असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते, कारण शिपाई चार हात दुरून ओळखता आला की काम भागत होते. १९३५ साली ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी स्थापन झाली. तिच्या वर्तुळातल्या काही कसबी लोकांनी ‘ब्रिटन्स’चा रंग काढून, डाख देऊन, हातपाय वळवून नवेच शिपाई घडवले. पण ते काचेच्या कपाटातले काम होते, पलटणीच्या हिशेबाचे नव्हते. एक शिपाई आठवडाभर घडवणे निराळे आणि टेबलावर तीनशे उभे करणे निराळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर वॉरगेम हा प्रौढांचा छंद म्हणून उभा राहिला. कॅलिफोर्नियात जॅक स्क्रबीने खास खेळासाठी शिपाई ओतायला घेतले आणि १९५७ मध्ये ‘वॉर गेम डायजेस्ट’ हे छोटे नियतकालिक काढले. इंग्लंडमध्ये डोनाल्ड फेदरस्टोनचे ‘वॉर गेम्स’ १९६२ साली प्रसिद्ध झाले. मार्कस हिंटनचे ‘हिंटन हंट’, साउदॅम्प्टनचे ‘मिनिफिग्ज’ असे ओतकाम करणारे पुढे आले. एअरफिक्सने १९५९ पासून मऊ प्लास्टिकच्या शिपायांच्या पेट्या इतक्या स्वस्त दिल्या, की शाळकरी मुलालाही सैन्य परवडू लागले. त्या मऊ पॉलिथिनवर रंग बसत नसे. शिपायाची बंदूक वाकली की रंगाचे पापुद्रे निघत. जो रंग आपण होऊन गळतो तो उतरवायचा प्रश्नच येत नाही. धातूच्या शिपायांची गोष्ट उलटी होती. हम्ब्रोलच्या लहान डब्यांतला तेलाचा इनॅमल रंग सुकला की कातड्यासारखा घट्ट बसे. तो काढायला घरात वापरायचे रंगकाढू द्रावण म्हणजे डायक्लोरोमिथेनची उग्र जेली, नाहीतर कॉस्टिक सोडा. इतके करून खाली सापडणार ते नक्षीकाम उथळच. शिवाय शिपाई स्वस्त. मग जुन्या रंगावरच नवा हात देणे हाच शहाणपणा होता, आणि बहुतेकांनी तेच केले. त्या काळच्या अनेक शिपायांवर आज रंगाचे दोन-तीन थर एकावर एक सापडतात ते यामुळे.

हे थर वाढायला आणखी एक कारण झाले आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गणवेशांचे ज्ञान एकाएकी सर्वांच्या हातात आले. फुंकेन दांपत्याचे नेपोलियनकालीन गणवेशांवरचे सचित्र खंड, ऑस्प्रेची ‘मेन-ॲट-आर्म्स’ मालिका, फिलिप हेथॉर्नथ्वेटची पुस्तके यांनी आधीच्या पिढीच्या समजुती धडाधड बाद केल्या. ज्याने आपली फ्रेंच पलटण ऐकीव माहितीवर रंगवली होती, त्याला आता कळले की १८०५ साली तो कोट वेगळ्या कापाचा होता, किंवा ज्या पलटणीला त्याने पिवळी कॉलर दिली तिला ती नव्हतीच. शिपाई तोच, पुरावा नवा. पुन्हा रंगवणे हे इथे हौसेचे काम उरत नाही. ती इतिहासाच्या वाचनाने केलेली दुरुस्ती असते. या छंदावर बालिशपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे, की नवे पुस्तक हाती आल्यावर महिन्यांचे स्वतःचे काम मोडून पुन्हा करायला बसणारे हौशी लोक फार क्षेत्रांत आढळत नाहीत.

आपल्या भागातले एक उदाहरण याला नेमके लागू पडते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी लढाई दिली. ही लढाई इंग्लंडमध्ये आजही टेबलावर मांडली जाते. शिंद्यांच्या बाजूला पोलमान या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली कवायती पलटणी होत्या. महादजींसाठी द बॉयन्य या युरोपीय सेनानीने घातलेल्या पायावर त्या उभ्या होत्या. त्यांची कवायत युरोपीय आणि पोशाखही बऱ्याच अंशी ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांच्या वळणाचा. जुन्या चित्रांवर विसंबून ‘मराठे’ म्हटले की सगळे पागोटे-अंगरख्यातले रंगवणाऱ्याची मांडणी चुकते. लढाईचा कणा असलेले ते पायदळच टेबलावरून नाहीसे होते. ज्याला हे उमगते त्याला कंपनीच्या शिपायांचा साचा शिंद्यांच्या बाजूलाही वापरता येतो, आणि असईच्या मैदानावर एकमेकांसमोर जवळपास सारखीच कवायत करणाऱ्या दोन फौजा होत्या हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना दिसते. जुना रंग उतरल्याशिवाय ही जाण टेबलावर येत नाही.

तरीही १९७० च्या दशकापर्यंत रंग उतरवणे हे थोड्यांचेच काम राहिले. पारडे फिरले ते पुढच्या दशकात. गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ साली लंडनमध्ये सुरू झाली होती. तिच्याशी जोडलेल्या सिटाडेल मिनिएचर्सने १९७० च्या दशकाच्या अखेरीस नेवार्कमध्ये ओतकाम सुरू केले. १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ आणि १९८७ मध्ये ‘वॉरहॅमर ४०,०००’ हे खेळ आले. त्यांनी तीन गोष्टी एकदम बदलल्या. पहिली म्हणजे मूर्तिकाम खोल झाले: साखळी-चिलखताची कडी, चामड्याच्या पट्ट्यावरची शिवण, ओठांची घडी. दुसरी म्हणजे रंगवण्याची पद्धत. तळाचा रंग, त्यावर खाचाखोचांत उतरणारा पातळ गडद रंग, मग कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका हात, ही रीत रूढ झाली आणि ती सगळी त्या खोलीवर अवलंबून होती. १९८७ पासून भरणारी ‘गोल्डन डीमन’ ही रंगकामाची स्पर्धा या चढाओढीची जाहीर खूण. तिसरी गोष्ट रंगाची जात. तेलाच्या इनॅमलऐवजी पाण्यात कालवायचे ॲक्रिलिक रंग चालू झाले आणि सिटाडेलने ते आपल्या नावाने विकायला काढले.

या तिन्ही गोष्टींनी मिळून वर दुसरा हात देण्याची जुनी सोय निकामी केली. जुन्या वाड्याच्या दाराला वर्षानुवर्षे हातावर हात देत गेले की नक्षी बुजते. इंचभर उंचीच्या चेहऱ्यावर तर दोन थरांतच डोळे भरून येतात. जिथे रंगाची सगळी करामत खाचेतल्या सावलीवर उभी, तिथे खाच मोकळी केल्यावाचून गत्यंतर नाही. आणि ॲक्रिलिक मुळातच इनॅमलपेक्षा सहज सुटणारा असल्याने ती मोकळी करणेही आवाक्यात आले. त्यातच ‘वॉरहॅमर ४०,०००’मधल्या स्पेस मरीन या काल्पनिक सैनिकांनी ‘ब्रिटन्स’चीच युक्ती परत आणली. १९८७ सालच्या पेटीतले प्लास्टिकचे मरीन एकाच घडणीचे. निळे रंगवले की अल्ट्रामरीन पंथाचे, लाल रंगवले की ब्लड एंजल्स पंथाचे. प्रत्येक पंथाचे खेळाचे नियमही पुढे वेगळे झाले, त्यामुळे रंग बदलणे म्हणजे पलटणीचे सामर्थ्य बदलणे ठरू लागले. लाल-निळ्या ठोकळ्यांपासून निघालेली रेघ इथवर अखंड येते.

रंग काढायचा कशाने, याचा इतिहास रसायनशास्त्राच्या पुस्तकात मिळत नाही. तो घरातल्या कपाटांतून चालत आला. अमेरिकेत पाइन-सॉल आणि सिंपल ग्रीन ही फरशी-भिंती पुसायची द्रावणे वापरात आली, गाडीच्या ब्रेकचे तेल आले, आयसोप्रोपिल अल्कोहोल आले. इंग्लंडमध्ये बाजी मारली ती डेटॉलने. आपल्याकडे दाढीच्या जखमेपासून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत ज्याचा वास पोचलेला आहे तेच हे डेटॉल. त्यातले जंतुनाशक क्लोरोझायलेनॉल. पण शिपायांच्या कामी येतात ते त्यातले पाइनचे तेल आणि अल्कोहोल. न मिसळलेल्या डेटॉलमध्ये शिपाई दिवसभर बुडवून ठेवला की ॲक्रिलिक फुगतो, धातूवरची पकड सोडतो आणि जुन्या टूथब्रशने घासला की निघून येतो. यातली खरी मेख पाण्याची आहे. डेटॉलमध्ये पाणी पडले की ते दुधासारखे पांढरे होते, हे सगळ्यांनी पाहिलेले असते. तेच पाणी अर्धवट सुटलेल्या रंगावर पडले की रंगाचा चिकट डिंक होतो आणि प्रत्येक खाचेत जाऊन बसतो. म्हणून ब्रशही कोऱ्या डेटॉलमध्येच बुडवायचा, धुणेही त्यातच, आणि सगळा रंग गेल्यावर मगच साबणाचे पाणी. हे कोणा तज्ज्ञाने लिहून दिलेले नाही, वापरणाऱ्यांनी एकमेकांना सांगत ते पक्के केले. योगायोग असा, की हम्ब्रोल रंग ज्या हल शहरात तयार झाला, त्याच शहरातल्या रेकिट कंपनीने १९३० च्या दशकात डेटॉल बाजारात आणले. प्लास्टिकच्या बाबतीत मात्र वेगळे भान लागते: ॲसिटोन धातूवरचा रंग झटकन काढतो, पण पॉलिस्टायरीनचा शिपाई त्यात विरघळून जातो.

या सगळ्याला जोर आला तो बाजारामुळे. १९९५ मध्ये ईबे सुरू झाले आणि माळ्यावरच्या बुटांच्या खोक्यांतली सैन्ये देशोदेशी विकली जाऊ लागली. इथे एक आक्षेप हमखास येतो: नवे शिपाई मिळत असताना दुसऱ्याचे जुने घासत कशाला बसायचे? याचे उत्तर पैशांत अर्धेच सापडते. उरलेले अर्धे साच्यांच्या आयुष्यात आहे. धातूचे हे शिपाई फिरत्या यंत्रात, रबराच्या साच्यात ओतले जातात. उष्णतेने साचा झिजतो, मूळ नमुना हरवतो, कंपनी बुडते किंवा हात बदलते, आणि तो शिपाई पुन्हा कधीच निघत नाही. शिवाय आकार वाढत गेला आहे. १९६० च्या दशकातला २० मिलिमीटरचा माणूस पुढे २५ चा झाला आणि आज २८ चा, तोही रुंद खांद्यांचा आणि मोठ्या डोक्याचा. नवा शिपाई जुन्याच्या रांगेत उभा केला की बाप-लेक वाटावेत इतका फरक दिसतो. अर्धी पलटण जुन्या मापाची असेल तर उरलेली अर्धी जुन्या बाजारातूनच आणावी लागते, आणि ती कोणीतरी आपल्या आवडीने आधीच रंगवलेली असते.

आता सगळ्यात वजनदार आक्षेपाकडे येतो. जुन्या खेळण्यांचे संग्राहक म्हणतात, रंग हाच इतिहास. तो गेला की उरते ते मोडीतले शिसे. ‘ब्रिटन्स’च्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहेत. त्या कारखान्याने १९६६ मध्ये शिशाचे शिपाई बंद केले. तिथला चकचकीत रंग, गालावरचा गुलाबी ठिपका, एका झटक्यात काढलेली मिशी हे तिथे काम करणाऱ्या बायकांच्या हाताचे उरलेले जवळपास एकमेव चिन्ह आहे. त्या बायकांची नावे पेटीवर छापलेली नाहीत. तो रंग उतरवणे म्हणजे त्यांची उरलीसुरली सही पुसणे, आणि असे कोणी करू नये हे मी निःशंकपणे म्हणतो. पण याच न्यायाने प्रत्येक जुना रंग राखावा असे ठरत नाही. कारखान्याचा रंग वस्तूबरोबर जन्मलेला असतो. खेळासाठी कोऱ्या विकलेल्या शिपायाला असा जन्माचा रंग नसतो. त्याला एकामागून एक मालक असतात. तो शिपाई विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही हे गृहीत धरलेले असते, की त्यावर पुढचा हात चालणार.

यावर इतिहासाचा अभ्यासक आणखी एक पाऊल पुढे जाईल, आणि त्याचे म्हणणे मला सोपे वाटत नाही. तो विचारील, कारखान्यातल्या अनाम बाईचा हात मोलाचा, तर १९७४ साली स्वयंपाकघरातल्या टेबलावर रंगवणाऱ्या अनाम कारकुनाचा किंवा शिक्षकाचा हात का नाही? सामान्य माणसाने आपला फावला वेळ कसा घालवला याचा पुरावा दुसरा कोणता? हे मान्य करावेच लागते. बैठकीच्या तळाशी पेनने लिहिलेले पलटणीचे नाव, आद्याक्षरे, साल. टवका उडालेल्या कडेला दिसणारे खालचे थर. त्या काळी बाजारात असलेल्या रंगांचीच छटा, ही सगळी साधने आहेत. काही सैन्ये तर उघडच जपण्याची आहेत. पीटर गिल्डरने घडवलेले आणि रंगवलेले शिपाई १९७८ साली एडवर्ड वुडवर्डने सादर केलेल्या ‘बॅटलग्राउंड’ या दूरचित्रवाणी मालिकेत टेबलावर लढले. टोनी बाथने चपट्या शिपायांवर प्राचीन युद्धांचा खेळ रचला आणि त्यातून १९६५ मध्ये सोसायटी ऑफ एन्शन्ट्स उभी राहिली. ज्या सैन्याबरोबर छापील नियम, छायाचित्रे किंवा पत्रव्यवहार आहे त्याचा रंग हा त्या कागदपत्रांचाच भाग आहे आणि तो डेटॉलमध्ये जाता कामा नये. पण ज्या शिपायाबरोबर काहीच आलेले नाही, ज्याच्यावर तीन थरांखाली चेहराच नाही, त्याला केवळ जुना म्हणून तसाच ठेवला तर तो कपाटात पडून राहतो. न हाताळलेला शिशाचा शिपाई सुखरूप असतो हीसुद्धा चुकीची समजूत आहे. ओक किंवा दाबीव लाकडाच्या कपाटातून निघणाऱ्या ॲसिटिक आम्लाच्या वाफेने शिसे पांढरे पडते, त्याची भुकटी होते, आणि एकदा ही कीड लागली की नाकडोळे परत येत नाहीत. ज्याला खेळायचे आहे तो शिपाई काढतो, धुतो, प्रायमर देतो, पुन्हा रंगवतो. शिशावर रंगाचा निरोगी थर असणे हे त्या शिशाचे संरक्षणही असते.

आरोग्याचा आक्षेप याहून सरळ आहे आणि त्यात तडजोड नको. १९९३ मध्ये न्यू यॉर्क राज्यात शिशाच्या मिनिएचरवर बंदी आणू पाहणारे विधेयक आले. पुढे या शिपायांना सूट मिळाली, पण तोवर अनेक कारखानदार बिनशिशाच्या मिश्रधातूकडे वळले होते. गेम्स वर्कशॉपने १९९७ मध्ये शिसे सोडले. त्याआधीचा जुना माल म्हणजे बहुतांशी शिसेच. त्यावर तारेचा ब्रश चालवला की विषारी धूळ उडते, म्हणून ओल्या टूथब्रशखेरीज काहीही वापरू नये, आणि स्वयंपाकाच्या भांड्याशी त्याचा संबंध येऊ देऊ नये. कोऱ्या डेटॉलने कातडी पोळते. ते मांजरासाठी घातक असते आणि नाल्या-ओढ्यातल्या माशांसाठीही. डायक्लोरोमिथेनच्या जेलीची घरगुती विक्री युरोपीय संघाने २०१० च्या आसपास बंद केली, अमेरिकेने २०१९ मध्ये, आणि दोन्ही निर्णय योग्य होते. त्या जेलीने इनॅमल दहा मिनिटांत सुटे हे खरे. पण इंचभराच्या शिपायासाठी कोणाचे फुप्फुस पणाला लागावे इतका तो रंग मोलाचा नाही.

त्रिमितीय छपाईने हा सगळा खटाटोप संपेल असे अलीकडे ऐकू येते. घरच्या यंत्रावर राळेचा हवा तसा, हव्या त्या मापाचा शिपाई काढता येतो, मग साचे झिजल्याचे दुःख कशाला. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. छापलेला शिपाई राइसविट्झच्या ठोकळ्याइतकाच बिननावाचा जन्मतो, त्यालाही रंगच नाव देणार, आणि तो रंगही एक दिवस जुन्या माहितीवरचा ठरणार. फरक पडेल तो टिकाऊपणात. पातळ राळेची बंदूक ब्रशच्या घासण्याने तुटते आणि तीच द्रावणे तिला सोसतीलच असे नाही. शिशाचा शिपाई तीनदा-चारदा गणवेश बदलू शकला याचे श्रेय त्याच्या जड, मऊ, पण टिकाऊ धातूला आहे. तेव्हा आज ज्यांच्या हाती १९६०-७० च्या दशकांतले शिपाई आहेत त्यांनी ते भिजत घालण्यापूर्वी निदान चार गोष्टी कराव्यात: चारही बाजूंनी छायाचित्र, तळावरच्या अक्षरांची नक्कल, टवक्याच्या कडेला दिसणाऱ्या थरांची नोंद, आणि प्रत्येक पलटणीतला एक शिपाई जसाच्या तसा राखून ठेवणे. लंडनच्या राष्ट्रीय सैन्य संग्रहालयात विल्यम सायबोर्नची वॉटर्लूची १८३८ सालची भव्य प्रतिकृती जपलेली आहे. तिच्यावरचा प्रत्येक बारकावा आज अभ्यासला जातो, कारण तिला संग्रहालयाचे छप्पर मिळाले. घराघरांतून फिरणाऱ्या सैन्यांना असे छप्पर मिळणार नाही. त्यांची नोंद ठेवण्याचे काम रंग उतरवणाऱ्यालाच करावे लागेल, कारण तो थर नीट पाहणारा शेवटचा माणूस तोच असतो.